वर्षातून सहा वेळा, त्याच टेकडीवर

प्रति,
पुणे शहरातील शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक-शिक्षक संघांचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

जूनच्या मध्यावर आपल्या शाळा उघडतील. वर्षाचं नियोजन सध्या आपल्या टेबलावर असेल. घटक चाचण्या, स्नेहसंमेलन, क्रीडा सप्ताह, आणि डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या चौकटीत लिहिलेला एकच शब्द: सहल. मला त्या चौकटीबद्दल बोलायचं आहे. ती पक्की व्हायच्या आत हे पत्र आपल्यापर्यंत पोचावं, म्हणून आजच लिहायला बसले.

गेली अकरा वर्षं, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, मी मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना घेऊन वेताळ टेकडीवर जाते. सुरुवात माझ्या मुलाच्या वर्गातल्या पाच जणांपासून झाली. आता कधी बारा जण असतात, कधी चाळीस. हे करता करता माझी एक खात्री झाली आहे आणि तीच आपल्यापुढे मागणी म्हणून ठेवते: मुलांना वर्षातून सहा वेळा, दर ऋतूत एकदा, बाहेर न्या आणि प्रत्येक वेळी त्याच जागी न्या. शाळेपासून चालत जाता येईल अशी टेकडी, तळं, ओढा, एखादी जुनी विहीर, काहीही चालेल. जागा मात्र बदलू नका.

सहलीला माझा विरोध नाही. बसमधल्या भेंड्या आणि वाटून खाल्लेले डबे मुलांना मिळायलाच हवेत. पण सहलीत मूल जागा बघून येतं, आणि बघितलेली जागा पुढच्या सहलीपर्यंत विसरतं.

वेताळ टेकडीवर खाणीच्या अलीकडे एक उघडा माळ आहे, दोन वर्गखोल्या मावतील एवढा. आम्ही दर वेळी तिथे थांबतो. एका फेब्रुवारीत तिथलं गवत वाळून सोनेरी झालं होतं, मुलं त्यात मनसोक्त लोळली. मार्चमध्ये गेलो तर सगळा माळ काळाठिक्कर. वणवा लागून गेला होता. मुलं एकदम गप्प झाली. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "आता इथे कधीच काही येणार नाही का?" मी एवढंच म्हटलं की पुढच्या महिन्यात बघू. एप्रिलमध्ये त्याच काळ्या जमिनीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. आम्ही वीसेक पावलं मागे सरलो, खाली बसलो आणि दुर्बिणीतून शोधत राहिलो. मुरमातल्या जरा खोलगट जागेत चार अंडी होती. टोकं आत वळवलेली, आणि रंग असा की नजर हलली की पुन्हा शोधावी लागत. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर गेलो, तेव्हा काळ्या मातीतून गवताची पोपटी टोकं वर आली होती. तीच मुलगी उकिडवी बसली, बोटांनी माती जरा उकरली आणि म्हणाली, "मुळं जळलीच नव्हती."

हे मी तिला सांगितलं नव्हतं. चार महिने त्याच माळावर येऊन तिचं तिने ते जाणलं. फक्त मार्चमध्ये आली असती तर 'सगळं जळलं' एवढंच घेऊन ती घरी गेली असती. आणि डिसेंबरातल्या एकाच सहलीला आली असती तर तेही नाही.

पाठ्यपुस्तकात ऋतू आहेत, याची मला कल्पना आहे. चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, असं कोष्टक मुलं घडाघडा म्हणतात. एकदा जुलैमध्ये भिजत टेकडी उतरताना पाचवीतल्या एका मुलाने मला अडवलं. "आषाढ ग्रीष्मात येतो ना? मग वारीत पाऊस कसा असतो?" दर वर्षी पालख्या पुण्यातून जातात, त्याने वारकऱ्यांची इरली आणि प्लास्टिकचे कागद डोळ्यांनी पाहिलेले. कोष्टकाला पूर्ण गुण मिळवलेल्या मुलाला हा प्रश्न पडला तो अंगावर पाऊस असताना. मी त्याला म्हटलं, कोष्टक फार जुनं आहे आणि फार मोठ्या प्रदेशासाठी आहे, आपण आपल्या टेकडीचं वेगळं करू. त्या वर्षी मुलांनी ते खरंच केलं. त्यात पानगळीपुढे 'शिशिर' असं एकच उत्तर लिहिता येईना. काटेसावर पानं झाडून जानेवारी-फेब्रुवारीत फुलते, बहावा एप्रिल-मे मध्ये पिवळा होतो, कडुनिंबाला नवी पालवी आणि मोहोर येतो तो पाडव्याच्या आसपास. प्रत्येक झाडाचं वेळापत्रक निराळं. इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गातल्या मुलांची तर अजून पंचाईत आहे. त्यांच्या चित्रांच्या पुस्तकात पानगळ म्हणजे मेपलची लाल पानं आणि हिवाळा म्हणजे बर्फाचा माणूस. पुण्यात जन्मलेल्या मुलाला आपल्या अंगणातला ऋतू परक्या चित्रातून ओळखावा लागावा, याचं मला फार वाईट वाटतं.

पावसाळ्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नेमका हाच ऋतू शाळा टाळतात. ७-८ जूनला मृग लागतो. त्याच्या आधीपासून पावशाचं 'पेरते व्हा' सुरू झालेलं असतं, चातक आफ्रिकेहून आलेला असतो आणि नशीब असेल तर झाडीत नवरंगाची शीळ ऐकू येते. पहिल्या पावसानंतर मातीवर मखमली लाल ठिपके चालायला लागतात, तो मृगाचा किडा. आमच्यातल्या एका मुलीने तो तळहातावर घेतला आणि बाकीच्यांनी डोकी एकत्र करून त्याचे पाय मोजले. आठ! पुन्हा मोजले, पुन्हा आठच. आदल्याच वर्षी विज्ञानात शिकले होते की कीटकाला सहा पाय असतात. मग जोरदार वाद. एक म्हणाला पुस्तक चुकलं, दुसरा म्हणाला नाव चुकलं. शेवटी त्यांनीच ठरवलं की याला किडा म्हणत असले तरी हा कोळ्याच्या कुळातला आहे. ठरवलं ते अगदी बरोबर होतं. मग त्याला उचलला तिथेच सोडून दिला. हा किडा जमिनीवर दिसतो तो थोडेच दिवस. जुलैअखेर गेलात तर गाठ पडायची नाही.

आता नोव्हेंबर. तोवर त्या माळावरचं गवत कमरेएवढं होऊन पिकलेलं असतं आणि मोज्यांत कुसळं भरतात. 'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं' ही म्हण सगळ्या मुलांना पाठ असते, पण कुसळ पाहिलेलं मूल मला शाळेच्या वर्गात क्वचितच भेटतं. एक पिकलेलं कुसळ तळहातावर ठेवून त्याच्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. त्याची पीळ पडलेली शेपटी हळूहळू उलगडत गोल फिरायला लागते. सुकली की पुन्हा पिळते. असं फिरत फिरतच ते बी जमिनीत घुसतं. मोज्यात घुसतं तेही तसंच. एवढं पाहिल्यावर मोजे साफ करताना कुणी कुरकुर करत नाही. उलट प्रत्येकाला एक कुसळ आजीला दाखवायला घरी न्यायचं असतं.

आजीवरून आठवलं. या भेटींना घरची मोठी माणसंही यावीत, असा माझा आग्रह आहे, त्याला कारण आहे. आमच्या सोसायटीच्या रखवालदाराची आई एका श्रावणात नातीबरोबर टेकडीवर आली. मूळच्या त्या वेल्ह्याकडच्या. आम्ही सगळे शिकलेले पालक झाडांचे फोटो काढून मोबाइलला नावं विचारत होतो. मावशी चालता चालता सांगत गेल्या, हा टाकळा, कोवळा आहे तोवर भाजी, फुलावर आला की सोडून द्यायचा. ही कुर्डू. हा आघाडा, तुमच्या गणपतीच्या पत्रीतला. हा तेरडा, रंग तीन दिवस म्हणतात तो. वीस मिनिटांत सगळी मुलं आमच्याकडून त्यांच्याभोवती गेली. त्यांची नात महापालिकेच्या शाळेत जाते. तोवर ती नेहमी रांगेच्या शेवटी चालायची. त्या दिवसापासून पुढे चालते. पुण्यातल्या प्रत्येक शाळेत अशी आजी, असा आजोबा, असा एखादा शिपाई किंवा सेविका असते, ज्यांचं बालपण रानात गेलं आहे. त्यांना वर्गात भाषण करायला बोलावू नका. टेकडीवर बरोबर घेऊन चला.

टेकडीवरून आम्ही काही तोडत किंवा उपटत नाही आणि जाणत्या माणसाने खात्री केल्याशिवाय कुठलंही पान तोंडात घालत नाही, हेही सांगून ठेवते.

आता आपल्या शंका. त्या खऱ्या आहेत, त्यांना टाळून पुढे जाता येणार नाही. एका शाळेशी माझं पावसाळी फेरीचं ठरलं होतं. तारीख, शिक्षक, मुलं, सगळं तयार होतं. आदल्या दिवशी निरोप आला की गणवेश चिखलात खराब होतील अशी काही पालकांची तक्रार आहे, सबब रद्द. त्याच शाळेची मुलं त्या वर्षी मोठ्या फीच्या सहलीला पाण्याच्या घसरगुंड्यांवर जाऊन आली, तीही अर्थातच भिजूनच. मला राग आला नव्हता असं म्हणणार नाही. पण नंतर कळलं की चिखल हे निमित्त होतं, खरी भीती जबाबदारीची होती. मुलाला काही झालं तर मुख्याध्यापकांना धरतात, मदतीला कुणी येत नाही. म्हणून पालक-शिक्षक संघांनाही हे पत्र लिहिते आहे. ही जबाबदारी शिक्षकांच्या एकट्याच्या खांद्यावर नको. दर आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं, आणि ती माणसं पालकांतूनच यायला हवीत.

बाकी काळजी घ्यायची ती अशी. पायात पूर्ण बूट. दगडाखाली आणि बिळात हात घालायचा नाही, कारण आपल्या टेकड्यांवर फुरसं असतं, घोणसही असते. मोहोळ दिसलं की आवाज बंद, आणि त्या दिवशी घरून अत्तर किंवा उग्र वासाचा स्प्रे मारून यायचं नाही. गवत वाढलेलं असताना घरी आल्यावर कपडे झटकायचे, गोचीड बघायचे. खाणीच्या कडेपासून लांब. मृगात आणि परतीच्या पावसात ढग गडगडले की माथ्यावर आणि एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, सरळ खाली उतरायचं. एप्रिल-मे मध्ये साडेसहाला सुरुवात आणि साडेआठला घरी. अकरा वर्षांत आमच्याकडे फुटलेले गुडघे झाले, एकाला गांधीलमाशी चावली, एकदा एका मुलाची चप्पल ओढ्यात वाहून गेली. बूट सक्तीचे केले ते त्या दिवसापासून.

दुसरी शंका अभ्यासक्रमाची. 'वेळ कुठून काढायचा?' वेळ आपल्या हातात आधीच आहे. परिसर अभ्यास हा विषय प्राथमिकला आहे, आणि परिसर अभ्यासायला परिसरात जाणं हा त्याचा पहिला धडा असायला हवा. राज्यात पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला पक्षी सप्ताह असतो, ५ ला मारुती चितमपल्ली यांची जयंती आणि १२ ला डॉ. सलीम अली यांची. बहुतेक शाळांत त्या आठवड्यात चित्रकला स्पर्धा होते. त्याऐवजी एक सकाळ बाहेर काढा. हिवाळी पाहुणे तेव्हा येऊन पोचलेले असतात. शेपूट हलवत धावणारा धोबी आणि सतत थरथरणारा थिरथिरा हे दोन पक्षी पहिलीतलं मूलही एका भेटीत ओळखायला शिकतं.

आणि हे काही परदेशातून आलेलं नवं खूळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम केलं, तेव्हा वारली मुलं गुरं राखायला जात म्हणून शाळेत येत नव्हती. या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला नाव दिलं कुरणशाळा. दगड, बिया, पानं हेच तिथलं शैक्षणिक साहित्य. आपल्या मुलांची अडचण आज उलटी आहे, त्यांना शाळा मिळाली आणि कुरण सुटलं. पण वाट या दोघींनी घालून दिलेलीच आहे, आणि ती मराठी आहे.

ज्या पालकांना हे सगळं हौशीचं वाटत असेल, त्यांच्यासाठी डोळ्यांचा मुद्दा. बाहेरच्या उजेडात जास्त वेळ राहणाऱ्या मुलांना लांबचं अंधुक दिसून चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. तैवानने २०१० पासून शाळांमार्फत मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायची मोहीमच घेतली. वर्षातल्या सहा सकाळींनी चष्मा टळणार नाही, हे मला कळतं. पण ज्या मुलाला टेकडी माहीत आहे ते रविवारी घरच्यांना तिकडे ओढून नेतं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

एक गोष्ट मात्र मोठ्यांनीही शिकण्यासारखी आहे. फेब्रुवारीत आपल्या टेकड्यांवर फिक्या गुलाबी फुलांचे तुरे दिसतात आणि लोक हौसेने फोटो काढतात. ती झाडं बहुतेक गिरिपुष्पाची, म्हणजे उंदीरमारीची. झाड मूळचं मध्य अमेरिकेकडचं, टेकड्या हिरव्या करायच्या म्हणून लावलेलं. आमच्या मुलांनी एकदा दहा मिनिटं गिरिपुष्पाखाली आणि दहा मिनिटं हिवराखाली बसून काय काय दिसतं ते वहीत लिहिलं. हिवराखाली मुंग्या, सुरवंट, कोळ्याची जाळी, शिंजीर, सातभाई आणि एक सरडा. गिरिपुष्पाखाली मुंग्या आणि वाळलेली पानं. दहा मिनिटांच्या नोंदीवरून मोठा निष्कर्ष काढू नये, हे मीच त्यांना सांगितलं. तरीही 'हिरवं दिसलं म्हणजे सगळं बरं चाललंय' असं ती मुलं आता म्हणत नाहीत. टेकडीवर काय लावावं, कुठून रस्ता जावा, कुठे बांधकाम व्हावं, याच्या बातम्या रोज येतात. उद्या त्यावर मत द्यायची पाळी याच मुलांवर येणार आहे. तेव्हा त्यांनी निदान हिवर ओळखलेला असावा.

वह्यांबद्दल सांगायचं राहिलं. प्रत्येक मुलाला एक साधी कोरी वही आणि एक झाड. सहाही भेटींत त्याच झाडासमोर बसून तारीख, पानं, फुलं, फळं, कोण आलं कोण गेलं, एवढंच लिहायचं किंवा काढायचं. गुण द्यायचे नाहीत, प्रदर्शनात लावायच्या नाहीत. सीझनवॉच या देशपातळीवरच्या उपक्रमात शाळकरी मुलं अशाच झाडांच्या नोंदी करतात, त्यात भाग घेता आला तर उत्तमच. पण सुरुवातीला वही पुरे. आमच्यातल्या एका मुलाने तीन वर्षं एका आपट्याचं झाड धरलं होतं. तिसऱ्या दसऱ्याला त्याने घरी आलेलं 'सोनं' हातात घेऊन पाहिलं आणि सांगितलं की हे कांचनाचं पान आहे. त्या घरात आता दसऱ्याला कुणी फांद्या विकत आणत नाही.

गोखलेनगर, जनवाडी, कोथरूड, पाषाण, बाणेर, सहकारनगर, पर्वती, इथल्या किती तरी शाळांना टेकडीवर जायला बससुद्धा लागत नाही. खर्च म्हणाल तर वही, पेन्सिल आणि गूळ-शेंगदाण्याची पुडी. ज्या शाळा टेकडीपासून लांब आहेत त्यांनी पाषाणचं तळं, एम्प्रेस गार्डन, नदीचा एखादा घाट, नाही तर मैदानाच्या कडेचं वडाचं झाड धरावं. सहा वेळा त्या एकाच वडाखाली बसलात तरी वर्ष पुरणार नाही.

तर नियोजनात 'सहल'च्या चौकटीबरोबर आणखी सहा छोट्या चौकटी आखा, ही विनंती. पहिलीची तारीख आत्ताच ठरवता येणार नाही, ती पाऊस ठरवेल. मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला की त्यानंतरच्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही पंचवटीच्या बाजूने टेकडी चढणार आहोत. आपल्या शाळेतून एक शिक्षिका आणि पाच मुलं आली तरी पुष्कळ. जुने कपडे, पूर्ण बूट, डोकं पुसायला एक पंचा. भिंग आम्ही आणतो, लाल किडे टेकडीवर असतीलच.

आपली स्नेहांकित,
वेताळ टेकडीवर मुलांबरोबर जाणारी एक आई